लसनिर्मितीसाठी विषाणूंची जनुकीय पुनर्रचना

विषाणूच्या जनुकांत हेतुपुरस्सर बदल करून त्यापासून लस तयार करण्याचे तंत्र. हे बदल दोन प्रकारे केले जातात. एकात रोगकारक विषाणूलाच दुबळे करायचे, मात्र शरीराला त्याची ओळख पटेल इतपत मूळ रूप राखायचे. दुसऱ्यात वेगळाच, निरुपद्रवी विषाणू घ्यायचा आणि रोगकारक विषाणूचे एखादे जनुक त्याच्या अंगावर लादायचे. अशा विषाणूचे काम हमालाचे असते. त्याला वाहक विषाणू म्हणतात. यीस्टच्या पेशींत बनणारी हिपॅटायटिस-बीची लस किंवा एम-आरएनए लस या तंत्रात मोडत नाहीत. त्याही जनुकीय तंत्रज्ञानातूनच आल्या, पण त्यांत विषाणू नसतो.

विषाणू दुबळा करण्याची कला जनुकशास्त्रापेक्षा जुनी आहे. पीतज्वराचा विषाणू मॅक्स थायलर यांनी कोंबडीच्या गर्भाच्या ऊतींत पुन्हा पुन्हा वाढवला आणि 1937 च्या सुमारास त्यातून 17डी हे वाण हाती लागले. ते माणसाला आजारी पाडत नव्हते, पण संरक्षण देत होते. थायलर यांना 1951 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि ही लस आजही वापरात आहे. ती दुबळी कशामुळे झाली हे मात्र त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते. 1980 च्या दशकात या वाणाची जनुकीय अक्षरमाला मूळ विषाणूशी ताडून पाहिली, तेव्हा साठ-सत्तर ठिकाणी फरक निघाले. त्यांतले कामाचे किती आणि नुसते सोबत आलेले किती, हा गुंता पुढेही पुरता सुटला नाही.

बदल आपल्या इच्छेने करायचा तर आधी एक अडचण ओलांडावी लागते. अनेक रोगकारक विषाणूंचा जनुकसंच आरएनएचा असतो, तर जनुके कापण्या-जोडण्याची बहुतेक हत्यारे डीएनएवर चालतात. विन्सेंट रॅकानिएलो आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1981 मध्ये पोलिओ विषाणूच्या आरएनएची डीएनए प्रत काढून ती प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जीवाणूंत आढळणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवली आणि पेशींत सोडली. त्या पेशींतून जिवंत विषाणू बाहेर पडले. म्हणजे बदल डीएनए प्रतीत करायचा आणि विषाणू त्यातून परत मिळवायचा, ही वाट खुली झाली. तिला उलट जनुकशास्त्र म्हणतात. रेबीजसारख्या विषाणूंचा आरएनए उलट्या अर्थाचा असतो, म्हणजे पेशीला तो थेट वाचता येत नाही; तो वाचण्यासाठी लागणारे विकरही विषाणू स्वतःबरोबर आणतो. त्यामुळे ते जमायला 1994 उजाडले. आठ तुकड्यांत विभागलेल्या इन्फ्लुएंझाचा विषाणू निव्वळ प्लाझ्मिडपासून उभा करणे 1999 मध्ये साधले.

एच5एन1 या बर्ड फ्लूवर लस करताना याचा थेट उपयोग झाला. फ्लूची लस परंपरेने कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, पण हा विषाणू अंड्यातला गर्भच मारून टाकतो. त्याच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनात एक छोटा पट्टा आहे, ज्यामुळे त्याला शरीरातल्या जवळपास कुठल्याही ऊतीत शिरकाव मिळतो. लसीसाठी तो पट्टा काढून टाकतात आणि उरलेले प्रथिन 1934 च्या पीआर8 या प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणावर चढवतात. मग अंडी टिकतात आणि लस बनवणाऱ्यांनाही धोका उरत नाही.

एका विषाणूला दुसऱ्याचा अंगरखा घालणे ही याच मार्गावरची पुढची पायरी. इबोलाच्या लसीत वेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू वापरला आहे. एरवी हा गुरे-घोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा. त्याचे स्वतःचे पृष्ठप्रथिन काढून तिथे इबोलाचे बसवले. या लसीची कसोटी 2015 मध्ये गिनीमध्ये रुग्णांभोवती कडे करून लागली: रुग्णाचे संपर्कातले लोक आणि त्या संपर्कांचे संपर्क यांना लस द्यायची, काही कड्यांना लगेच आणि काहींना तीन आठवड्यांनी. लगेच लस मिळालेल्यांत दहा दिवसांनंतर एकही रुग्ण आढळला नाही. युरोप आणि अमेरिकेत तिला 2019 च्या अखेरीस मान्यता मिळाली.

डेंगीच्या बाबतीत अंगरखा पुरला नाही. थायलर यांच्याच 17डी वाणावर डेंगीच्या चारही प्रकारांची पृष्ठप्रथिने चढवून केलेली डेंगव्हॅक्सिया ही लस मेक्सिकोने 2015 मध्ये मान्य केली. ज्यांना पूर्वी कधीच डेंगी झाला नव्हता, त्यांना लसीनंतर प्रत्यक्ष लागण झाल्यास आजार अधिक तीव्र होण्याची शक्यता असते, असे उत्पादकाने नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर केले. अशा व्यक्तीच्या शरीराला लस हीच पहिली लागण वाटते, आणि डेंगीत दुसरी लागण बहुधा जास्त घातक ठरते. शिवाय लसविषाणूच्या आतली प्रथिने पीतज्वराची, डेंगीची नव्हेत; त्यामुळे डेंगीच्या आतल्या प्रथिनांची ओळख शरीराला होत नाही. फिलिपाइन्समध्ये तोवर लाखो मुलांना ती टोचली गेली होती. जनुके जोडण्यात इथे काही चुकले नव्हते. अंदाज चुकला तो रोगाच्या वागण्याचा.

वाहक विषाणूंची सुरुवात देवीच्या लसीतल्या व्हॅक्सिनियापासून झाली. त्याचा जनुकसंच मोठा असल्याने परके जनुक सहज मावते, हे 1982 मध्ये दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्याचे सर्वांत देखणे यश माणसांत नाही, कोल्ह्यांत दिसले. रेबीजचे पृष्ठप्रथिन बाळगणारा व्हॅक्सिनिया आमिषात भरून युरोपातल्या जंगलांवर टाकण्यात आला. आमिषात टेट्रासायक्लिनही असे. ते हाडांत आणि दातांत साठते आणि अतिनील प्रकाशात चमकते. मेलेल्या कोल्ह्याचा दात तपासला की त्याने आमिष खाल्ले होते का हे कळे.

माणसांसाठी पुढे अॅडिनोव्हायरसला पसंती मिळाली. त्याचे ई1 हे जनुक काढले की तो पेशीत शिरतो, आणलेले जनुक वाचले जाते, पण त्याची स्वतःची वाढ होत नाही. मग कारखान्यात तो वाढवायचा कसा? त्यासाठी एचईके293 सारख्या पेशी वापरतात. या पेशींच्या डीएनएत ई1 कायमचे बसलेले असते, त्यामुळे त्या पेशींत विषाणू वाढतो आणि बाहेर अडून राहतो. क्वचित पेशीतले ई1 जनुक विषाणूत परत जाऊन बसते. म्हणून प्रत्येक खेपेत वाढू शकणारे विषाणू शोधावे लागतात. पीईआर.सी6 या पेशी ही अदलाबदल होऊ नये अशाच बेताने घडवल्या आहेत.

अॅडिनोव्हायरसची खरी अडचण अशी की त्यांतले बरेच प्रकार साध्या सर्दीतून माणसाला आधीच भेटलेले असतात. एडी5 या अॅडिनोव्हायरसच्या प्रकाराला वाहक करून बनवलेल्या एचआयव्हीविरुद्धच्या लसीची चाचणी 2007 मध्ये थांबवावी लागली. लस निष्प्रभ ठरलीच, वर एडी5 विरुद्ध आधीच प्रतिपिंडे असलेल्या काही पुरुषांमध्ये एचआयव्हीची लागण उलट जास्त दिसली. म्हणून पुढे दुर्मीळ एडी26 किंवा चिंपांझीचा अॅडिनोव्हायरस निवडला गेला. चॅडॉक्स1, म्हणजे कोविशिल्डमधला वाहक, हा दुसऱ्या जातीचा. कोविड काळात अशा लसी कोट्यवधींना मिळाल्या, तेव्हाच एक दुर्मीळ दुष्परिणामही उघड झाला: प्लेटलेटमधल्या पीएफ4 या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन रक्ताच्या गुठळ्या. काही हजारांच्या चाचणीत असा परिणाम दिसणे कठीणच होते.

पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीत जुनी रीत आणि नवी रीत अगदी शेजारी शेजारी दिसतात. सेबिन लसीतल्या प्रकार 2 च्या विषाणूत सुमारे 7,400 अक्षरे आहेत. त्याचे दुबळेपण मुख्यतः दोन अक्षरांवर उभे आहे, त्यांतले एक 481 व्या स्थानावर. मुलाच्या आतड्यात हे अक्षर बहुधा आठवड्याभरातच मूळपदावर येते. लसीकरण चांगले असेल तिथे त्याने बिघडत नाही. लसीकरण विरळ असेल तिथे असा विषाणू मुलामुलांतून फिरत राहतो आणि शेवटी लसीतूनच पांगळेपणाची साथ उठते. म्हणूनच एप्रिल 2016 मध्ये प्रकार 2 नेहमीच्या लसीतून जगभर वगळला गेला, तरी आधी सुटलेल्या विषाणूंच्या साथी थांबल्या नाहीत.

त्यावर उपाय म्हणून एनओपीव्ही2 ही लस घडवली. तिच्यात 481 च्या आसपासची आरएनएची घडी अशा रीतीने पुन्हा लिहिली आहे की एक अक्षर बदलून भागत नाही, जोडीने अनेक बदल व्हावे लागतात. विषाणूच्या प्रतिलिपीसाठी अत्यावश्यक असलेला एक तुकडा मूळ जागेवरून हलवून या घडीजवळ आणून ठेवला, म्हणजे दुसऱ्या विषाणूशी अदलाबदल करून घडी टाकून देता येऊ नये. प्रती काढणारे विकरही थोडे काटेकोर केले, म्हणजे चुका कमी व्हाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये तातडीच्या वापरासाठी तिची नोंद केली. त्या पद्धतीने नोंद झालेली ही पहिलीच लस. जुन्या लसीच्या मानाने ती खूपच स्थिर निघाली आहे, पूर्ण स्थिर नव्हे: तिच्यापासून उद्भवलेले पोलिओचे विषाणू 2023 मध्ये बुरुंडी आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकात सापडले.