माळ्यावरची पेटी डिटेन्शन सेंटरला द्यायची आहे? आधी हे वाचा

हीथ्रोच्या उत्तरेला ए४ रस्त्यालगत हार्मन्ड्सवर्थ आणि कोलनब्रुक ही दोन इमिग्रेशन रिमूव्हल सेंटर, म्हणजे परदेशी लोकांना इमिग्रेशनच्या कारणावरून कोंडून ठेवणारी डिटेन्शन सेंटर, शेजारी शेजारी आहेत. स्लाव किंवा हाउन्स्लोला राहणारी आपली मंडळी पाहुण्यांना विमानतळावरून आणताना त्यांच्या जवळून कितीदा तरी जातात. त्याच मंडळींच्या माळ्यावर कोल्हापूरहून हौसेने आणलेली पेटी असते, तबला-डग्गा असतो, मुलाने दोन ग्रेडच्या परीक्षा देऊन सोडून दिलेली गिटार असते. ती आतल्या लोकांना देता येते का, असं हल्ली बरेच जण विचारतात. येते, पण थेट नाही.

आधी आत कोण असतं ते पाहू. ब्रिटनमध्ये आश्रय मागणारे बहुतेक लोक कोंडलेले नसतात. ते हॉटेलांत किंवा गृहखात्याने दिलेल्या घरांत राहतात. एसेक्समधला वेदर्सफील्डचा जुना हवाई तळही निवासाचीच जागा आहे, डिटेन्शन सेंटर नव्हे. सेंटरमधले लोक इमिग्रेशन कायद्याखाली ठेवलेले असतात. कुणाचा आश्रयाचा अर्ज फेटाळलेला, कुणाचा अजून चालू, कुणाचा व्हिसा संपलेला, कुणी तुरुंगातली शिक्षा भोगून आलेला. ही कोर्टाने सुनावलेली कैद नाही, आणि सरसकट सगळ्यांना लागू होईल अशी कमाल मुदतही तिला नाही. किती दिवस इथे, हे माहीत नसणं हाच आतला सगळ्यात मोठा जाच. २००१ च्या डिटेन्शन सेंटर नियमांतल्या १७ व्या नियमात करमणूक आणि बौद्धिक गरजांच्या जोडीला 'कंटाळा घालवणे' हा शब्दप्रयोग चक्क कायद्याच्या भाषेत आहे. वाद्यांना आत जागा मिळते ती या नियमाच्या आधाराने.

यासाठी पोर्टल, टोकन, छापील फॉर्म असलं काही नाही. 'अर्ज' म्हणजे एक नीट लिहिलेला ईमेल. तो कुणाला लिहायचा, यावरच सगळं अवलंबून आहे. २००५ पासून 'म्युझिक इन डिटेन्शन' या नावाने काम करणारी आणि आता 'हिअर मी आउट' म्हणवणारी संस्था संगीतकारांना घेऊन सेंटरमध्ये कार्यशाळा करते. याशिवाय सेंटरमधल्या लोकांना नियमित भेटणारे स्वयंसेवकांचे गट आहेत. 'अ‍ॅव्हिड' ही त्यांची देशव्यापी संघटना. आत काय चालतं, कोणत्या अधिकाऱ्याला विचारायचं, हे या लोकांना ठाऊक असतं, म्हणून ईमेल यांनाच लिहा. ओळखीची नसलेली संस्था असेल तर चॅरिटी कमिशनच्या ऑनलाइन नोंदवहीत तिचा नोंदणी क्रमांक तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

मी नेमकं उलट केलं होतं. पेटी गाडीत घातली आणि एका सेंटरच्या दारात जाऊन उभा राहिलो. आपण तिला पेटी म्हणतो. दारावरच्या माणसालाही ती पेटीच वाटली. 'आत काय आहे?' मी झाकण उघडून भाता ओढला तर फुस्स. भाता फाटलेला. सूर न निघणारी, नाव-गाव नसलेली लाकडी पेटी कोण आत घेईल? तिथला माणूस सभ्य होता, पण पेटी माझ्याबरोबर घरी परत आली.

तेव्हा ईमेलमध्ये हे लिहा: वाद्य कोणतं, साधारण किती जुनं, आज या क्षणी वाजतं का, काय मोडलंय, किती जड आहे, तुम्ही स्वतः पोचवू शकाल का. उजेडात काढलेले तीन-चार फोटो जोडा, त्यात मोडलेला भाग मुद्दाम दाखवा. वाद्य विनाअट देत आहात, अमुकलाच मिळावं असा आग्रह नाही, हेही एका ओळीत लिहा. खरेदीची पावती कुणी सहसा मागत नाही, पण वाद्यावर सीरियल नंबर असेल तर कळवा. होकार आला आणि सेंटरवरच पोचवायचं ठरलं, तर फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर ठेवा.

पात्रता तुमची नव्हे, वाद्याची पाहिली जाते. देणारा नागरिक आहे की वर्क व्हिसावर, याने काही बिघडत नाही. वाद्याकडे मात्र सुरक्षेच्या नजरेने पाहतात. तार म्हटली की आत्महत्येचा आणि स्वतःला इजा करून घेण्याचा धोका आधी डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे स्टीलच्या तारांच्या गिटारपेक्षा नायलॉनच्या तारांची बरी. कॅमेरा आणि इंटरनेट असलेले फोन आत चालत नाहीत. तेव्हा ब्लूटूथ किंवा रेकॉर्डिंग असलेल्या कीबोर्डवर प्रश्न येणारच. विजेवर चालणाऱ्या वस्तूची सुरक्षा चाचणी झालेली असावी लागते, ती कोण करणार हे आधी विचारा. ढोलकी, डफ, खंजिरी, साधी बासरी यांना अडचण कमी.

तबल्याची पिशवी मात्र देण्याआधी पूर्ण रिकामी करा. माझ्या पिशवीत काय निघालं? गठ्ठे ठोकायची हातोडी आणि हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरचा डबा. कोंडलेल्या माणसांच्या इमारतीत हातोडी आणि पांढरी पूड घेऊन जाणं म्हणजे कमालच! तबला हातोडीशिवाय सुरात राहत नाही हे खरं, पण ती कार्यशाळा घेणाऱ्याने आणावी आणि परत न्यावी.

आतल्या एखाद्या ओळखीच्या माणसालाच वाद्य द्यायचं असेल तर वाट वेगळी. भेटीला जाताना हातात देता येत नाही. त्याने आतून आधी परवानगी काढायची, मग ते त्याच्या सामानाच्या नोंदीत चढतं. उद्या त्याला विमानात बसवलं किंवा जामीन मिळाला तर एवढं धूड तो कुठे नेणार, हा विचारही करा. कार्यशाळेच्या सामानात गेलेलं वाद्य दहा जणांच्या हातांत फिरतं, मला तेच बरं वाटतं.

करसवलतीचं म्हणाल तर गिफ्ट एड फक्त पैशांवर मिळते, वस्तूवर नाही. वस्तू चॅरिटी शॉपने तुमच्या वतीने विकून ती रक्कम तुम्ही देणगी म्हणून सोडली, तरच. जुन्या पियानोच्या पट्ट्या हस्तिदंती असतील तर विक्रीला २०१८ चा हस्तिदंत कायदा आडवा येतो, तेव्हा दुकानात नेण्याआधी सांगा. आणि देण्यासाठी म्हणून भारतातून नवं वाद्य मागवू नका. त्या भाड्यात इथे दोन चांगल्या गिटार येतील.

नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. सेंटरबाहेर, हॉटेलांत राहणाऱ्यांसाठी गावोगावी गट चालतात. आश्रयाला आलेल्यांचं स्वागत करणाऱ्या गटांच्या 'सिटी ऑफ सँक्च्युअरी' या जाळ्यातून जवळचा सापडतो. तिथे हातोडीचीही अडचण नसते. आमची पेटी भात्याला नवं कापड लावून अशाच एका गटाकडे गेली. पहिल्या दिवशी एका अफगाण आजोबांनी ती पुढ्यात ओढली आणि पहिलं बोट काळी एकवर ठेवलं.