रोमन सम्राटांची नाणी

रोमन सम्राटांची नाणी : रोमन साम्राज्यात पाडलेली सोने, चांदी, पितळ व तांबे यांची चलनी नाणी. दर्शनी बाजूस सम्राटाची मुखाकृती व बिरुदे, मागील बाजूस देवता, विजय किंवा वास्तू यांचे चित्र, अशी त्यांची सर्वसाधारण घडण असते.

गणराज्यकाळात नाण्यांवर देवता आणि टांकसाळ-अधिकाऱ्यांचे पूर्वज येत. हयात रोमन व्यक्तीची मुखाकृती येत नसे. रोमच्या टांकसाळीत हा संकेत जुलिअस सीझरसाठी इ. स. पू. ४४ च्या आरंभी मोडला. त्याच्या हत्येचे स्मरण म्हणून मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने काढलेल्या डिनेरिअसवर (चांदीचे नाणे) दोन खंजीर व दास्यमुक्तीची टोपी आहे. दर्शनी बाजूस मात्र खुद्द ब्रूटसच आहे.

पहिला सम्राट ऑगस्टस याच्या पितळी व तांब्याच्या नाण्यांवरील ‘एस सी’ (सिनेटच्या ठरावाने) या अक्षरांच्या अर्थाविषयी एकमत नाही. जर्मन इतिहासकार मोमसेनच्या मते सोने-चांदी सम्राटाकडे व हलके (पितळ-तांब्याचे) चलन सिनेटकडे, अशी ती विभागणी होती. इतर काहींनी या अक्षरांचा संबंध सिनेटने इ. स. पू. २७ मध्ये ऑगस्टसला दिलेल्या ओकपर्णांच्या मुकुटासारख्या सन्मानांशी जोडला. मुकुट कोरलेल्या नाण्यांपुरते हे पटते. परंतु ‘अ‍ॅस’ या तांब्याच्या नाण्याच्या मागे असा सन्मान नसून केवळ ही अक्षरे व अधिकाऱ्याचे नाव आहे. त्यामुळे ठराव हलके चलन पुन्हा सुरू करण्याविषयीचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चित्रांची निवड सम्राट स्वतः करी की त्याला खूश करू पाहणारे अधिकारी, हाही वादाचा विषय आहे. सम्राट व्हेस्पेझिअनच्या नाण्यांवरील ताडवृक्षाखाली शोक करणारी जूडीआ (जिंकलेल्या ज्यू प्रदेशाचे स्त्रीरूप) दोन्ही पक्ष पुराव्यादाखल देतात.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ‘चांदीचे’ नाणे जवळजवळ तांब्याचेच उरले, तरी मुखाकृती टिकली. गादीवर हक्क सांगणारा आधी नाणी पाडी. गॉलमधील (आजचे फ्रान्स) अशाच एका दावेदाराचे, डोमिशिएनसचे (सु. २७१), १९०० मध्ये सापडलेले नाणे बराच काळ संशयास्पद मानले जाई, २००३ मध्ये इंग्लंडमधील चॅलग्रोव्हच्या निधीत (पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यात) त्याच साच्याचे दुसरे मिळाल्यावर डोमिशिएनसचे सम्राटपद बहुतेकांनी स्वीकारले.

दक्षिण भारतातील निधींत ऑगस्टस व त्याच्यानंतरचा सम्राट टायबीरिअस यांचे डिनेरिअस विपुल आहेत. काही सुवर्णनाण्यांवर सम्राटाच्या मुखाकृतीवरच छिन्नीचा घाव आहे. त्याचा हेतू वादग्रस्त आहे. महाराष्ट्रात तेर येथे रोमन नाण्यांच्या नकला असलेली मातीची पदके मिळाली. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द डिनेरिअसवरून आला.