हवा गेली की मालगाडी पळत सुटते?

"पेट्रोलच्या मालगाडीचा हवेचा पाइप तुटला की ब्रेक निकामी होतात", असा मेसेज नागपुरात फिरत असतो. होतं नेमकं उलटं. ब्रेक पाइपात ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो, तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब घसरला की वाघिणीच्या (मालडब्याच्या) हवेच्या टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक चाकांवर आवळतात. प्रवासी गाडीची साखळी ओढल्यावर डब्याशी जो फुस्स आवाज येतो, ती याच पाइपातली हवा. गाडी थांबते ती त्यामुळेच.

खरा धोका इंजिन काढून उतारावर ठेवलेल्या वाघिणींचा. सिलिंडरमधली हवा हळूहळू झिरपते, म्हणून हँडब्रेक, साखळ्या, लाकडी पाचर हवीच. वाघीण आपोआप सरकताना दिसली तर रुळावर दगड टाकू नका, लांब जा, रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला कळवा आणि जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक सांगा.