ऑक्सिमीटर ९९ दाखवतो, तरी श्वास का पुरत नाही?

कोविडच्या लाटांनंतर घराघरांतल्या औषधांच्या डब्यात ऑक्सिमीटर येऊन बसला. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काही जणांचा जीव घाबरा होतो, छाती भरून येते, कितीही ओढला तरी श्वास आतपर्यंत पोहोचल्यासारखा वाटत नाही. मग बोटाला यंत्र लावलं जातं. ते ९८ किंवा ९९ दाखवतं. दुसऱ्या बोटाला लावलं, तरी आकडा तोच. आता माणूस जास्तच घाबरतो. यंत्र बिघडलं म्हणावं, की यंत्रालाही न कळणारं काही तरी आत चाललंय?

यंत्र बिघडलेलं नाही, आणि त्या माणसाचा त्रासही खोटा नाही. “काही नाही रे, टेन्शन घेतोस तू” असं म्हणून आपण तो झटकून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं. कारण त्या क्षणी त्याच्या रक्तात मोजता येईल असा बदल झालेला असतो. फक्त तो ऑक्सिजनमध्ये नसतो. त्याच्याकडे कमी पडलेला वायू आहे कार्बन डायऑक्साइड.

हे पटायला जड जातं, कारण शाळेत आपण या वायूला कचरा म्हणून ओळखायला शिकलो. ऑक्सिजन चांगला, तो आत घ्यायचा. कार्बन डायऑक्साइड वाईट, तो बाहेर टाकायचा. प्रत्यक्षात शरीर त्याची एक ठरावीक पातळी जिवापाड सांभाळतं. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो. ३५ ते ४५ ही निरोगी मर्यादा. आपण दर मिनिटाला किती श्वास घ्यायचे हे मेंदू मुख्यतः याच आकड्यावरून ठरवतो. ऑक्सिजन बराच खाली घसरेपर्यंत त्याची विशेष दखल घेतली जात नाही.

हे दाखवून दिलं जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. खाणींतल्या विषारी वायूंचा अभ्यास करणारा हा माणूस हवाबंद पेटीत स्वतःला कोंडून घेई आणि आपली धाप कशी वाढते याची नोंद ठेवी. १९०५ मध्ये त्याने आणि प्रिस्टली या सहकाऱ्याने मांडलं, की फुफ्फुसांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.२ टक्क्यांनी वाढला, तरी विश्रांतीतल्या माणसाचं श्वसन दुप्पट होतं. इतका तो पहारा कडक आहे. (लहानपणापासून वडिलांच्या प्रयोगांत सामील होणारा त्याचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ मध्ये तो भारतात आला, इथलाच नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.)

आता घाबरलेल्या माणसाकडे वळू. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा. भीती वाटली की श्वास भराभर आणि मोठे होऊ लागतात. पळायचं किंवा लढायचं असतं तर ते योग्यच होतं, कारण स्नायूंनी कार्बन डायऑक्साइडही तितकाच जास्त तयार केला असता. पण हा माणूस खुर्चीत बसलेला आहे, किंवा लोकलच्या गर्दीत उभा आहे. स्नायू काही करत नाहीत आणि हवा मात्र दुपटीने खेळते आहे.

या जादा हवेने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत भर ती काय पडणार? कार्बन डायऑक्साइडला मात्र असा अडसर नाही. फुफ्फुसांच्या वायुकोशांत दुप्पट हवा खेळली की रक्तातला त्याचा दाब जवळपास निम्म्यावर येतो. जोरजोरात श्वास घेत राहिलं तर काही मिनिटांत ४० चा आकडा २० च्या आसपास येऊ शकतो. ऑक्सिमीटर हा वायू मोजतच नाही. त्याचा ९९ म्हणूनच खरा असतो आणि त्रासही खरा असतो.

इथून पुढचं रसायनशास्त्र मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ यांच्यामध्ये राहतो, त्यात या आम्लाचा मोठा हात आहे. वायू उडून गेला की आम्ल घटतं आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. त्यातून एकाच वेळी तीन गोष्टी घडतात.

पहिली मेंदूत. मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबानुसार रुंद किंवा अरुंद होतात. दाब १ मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारं रक्त सुमारे २ ते ४ टक्क्यांनी घटतं. म्हणून गरगरतं, डोळ्यांपुढे अंधुक होतं, आपण आपल्या शरीरात नाहीच असं विचित्र वाटू लागतं. डोक्याला मार लागून मेंदूतला दाब धोकादायक वाढला, तर व्हेंटिलेटरचा वेग काही काळ वाढवून डॉक्टर हाच परिणाम मुद्दाम घडवून आणतात. ज्यांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढून घेतला आहे त्यांना आठवेल, तंत्रज्ञ तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतो. आकडीचा कल दडून असेल तर तो या ताणाखाली आलेखात उमटावा, हा त्यामागचा हेतू. त्या तीन मिनिटांत हातांना मुंग्या आलेल्याही अनेकांना आठवतील.

त्या मुंग्या ही दुसरी गोष्ट. रक्तातलं कॅल्शियम काही मोकळ्या आयनांच्या रूपात फिरतं आणि काही अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिनवरच्या ऋणभारित जागांसाठी हायड्रोजन आयन आणि कॅल्शियम आयन यांच्यात चढाओढ असते. रक्त अल्कधर्मी झालं की हायड्रोजन आयन जागा सोडतात, तिथे कॅल्शियम जाऊन बसतं आणि मोकळं कॅल्शियम घटतं. एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, म्हणून नेहमीच्या तपासणीत काही सापडत नाही. पण चेतातंतूंना शांत ठेवण्याचं काम मोकळ्या कॅल्शियमचं. ते कमी झालं की चेतातंतूंत सोडियम आत येण्याची दारं किरकोळ कारणानेही उघडतात आणि नसा विनाकारण संदेश पाठवू लागतात. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. फार वाढलं तर मनगट वाकतं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटतात.

तिसरी गोष्ट कोपनहेगनच्या ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह दाखवली. (अणूच्या रचनेसाठी प्रसिद्ध झालेले नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव.) रक्तात कार्बन डायऑक्साइड असेल तर हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं, तो कमी झाला की घट्ट धरून ठेवतं. कष्ट करणाऱ्या स्नायूला जास्त ऑक्सिजन मिळावा म्हणून ही व्यवस्था आहे. घाबरून जास्त हवा आत-बाहेर केली की ती उलटी चालते: रक्तात ऑक्सिजन काठोकाठ, पण पेशींना देताना हात आखडता.

अल्कधर्मी पाण्याच्या महागड्या यंत्रांच्या जाहिराती सध्या जोरात आहेत, म्हणून जाता जाता सांगतो. रक्त खरोखर अल्कधर्मी झालं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. ते आरोग्याचं लक्षण नाही. सुदैवाने पिण्याच्या पाण्याने तसं काही होत नाही, कारण रक्ताचा पीएच फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात.

बोटं ताठ होण्याने आपल्याकडे मोठं नुकसान केलं आहे. परीक्षेच्या किंवा घरातल्या भांडणाच्या ताणाखाली एखाद्या मुलीचे हात असे वाकडे झाले, की कुणी फिट म्हणून कांदा हुंगवतं, कुणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतं. पुढच्या पाऊण तासात ती दमून शांत होते, श्वास आपोआप मंदावतो, कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठतो आणि बोटं सुटतात. श्रेय मांत्रिकाला मिळतं. मुलीच्या मनातली भीती मात्र तशीच राहते, आणि आता तिच्यात भुताची भर पडलेली असते.

आता कोडं उरतं ते असं, की कार्बन डायऑक्साइड कमी झाला तर मेंदूने श्वास थांबवायला हवा. मग उलट हवा कमी पडल्यासारखं का वाटतं? डोनाल्ड क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९९३ मध्ये सुचवलं, की काही माणसांच्या मेंदूतली गुदमरण्याची धोक्याची सूचना फार हळवी असते, कारण नसताना वाजते. या सूचनेची मुळं खोल आहेत. २०१३ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेंदूतला भीतीशी निगडित अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंनी नष्ट झाला होता अशा तीन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली. साप, कोळी, भयपट यांनाही न घाबरणारी एक स्त्री त्यांच्यात होती. तिघेही भीतीने गर्भगळित झाले. गुदमरण्याच्या भीतीला तो भाग लागतोच असं नाही.

रस्ता उलटाही आहे. श्वासाचा ताल ठरवणारा चेतापेशींचा पुंजका मेंदूच्या बुंध्यात आहे. २०१७ मध्ये उंदरांच्या या पुंजक्यात अशा काही पेशी सापडल्या, ज्या श्वासाच्या वेगाची खबर मेंदूला सावध करणाऱ्या केंद्राकडे पोहोचवतात. त्या काढून टाकल्यावर उंदीर कमालीचे शांत झाले. म्हणजे भीतीने श्वास वाढतो, आणि वाढलेल्या श्वासानेही मेंदू सावध होतो.

याला छातीच्या यांत्रिकीची जोड मिळते. घाबरलेला माणूस पुरता श्वास सोडायच्या आधीच पुढचा घेतो. फुफ्फुसं आधीच फुगलेली, बरगड्या ताणलेल्या, मानेचे स्नायू वर ओढत असलेले. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतायला जावं तसं होतं: ओढ आहे पण जागाच नाही. मेंदूला कळतं ते एवढंच, की जोर लावला तेवढी हवा आली नाही. म्हणून पुन्हा एक मोठा श्वास, जांभई, उसासा. हे दिवसेंदिवस चाललं तर मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी घटक बाहेर टाकून पीएच सावरतात आणि शरीर कमी कार्बन डायऑक्साइडवरच स्थिरावतं. मग अधूनमधून घेतलेले उसासेही ती पातळी खाली ठेवायला पुरतात.

म्हणूनच अशा माणसाला “खोल श्वास घे” असं सांगणं चुकीचं आहे. त्याला सांगायचं, “सावकाश सोड.” मनात चारपर्यंत मोजत नाकाने लहानसा श्वास घ्यायचा, सहापर्यंत किंवा जमेल तितकं मोजत सोडायचा, सोडून झाल्यावर पुढचा श्वास आपणहून येईपर्यंत क्षणभर थांबायचं. खांदे खाली, हात पोटावर. सुरुवातीची एक-दोन मिनिटं हवा आणखी कमी पडल्यासारखं वाटेल, कारण कार्बन डायऑक्साइड परत वाढतोय. तिथेच लोक सोडून देतात. तेवढं सोसलं की पुढे उतार लागतो. मोजणं जमत नसेल तर हुंकार देत श्वास सोडावा, भ्रामरीत देतात तसा. गुणगुणताना घाई करताच येत नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजायला घेतले. ती मोजून पाहण्याची सवय आज प्राणायामाच्या नावाने वाटेल ते दावे करणाऱ्यांत दिसत नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी भराभर श्वासाचे प्रकार तूर्त टाळावेत.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा उपाय सिनेमांत दिसतो. सोडलेली हवाच परत घेतली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, हे तर्काला धरून आहे. पण पिशवीत ऑक्सिजनही घटतो. ज्यांना घाबरलेले समजून पिशवी दिली आणि ज्यांना प्रत्यक्षात हृदयविकार किंवा ऑक्सिजनची कमतरता होती, अशा रुग्णांचे मृत्यू १९८९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. पिशवी वापरू नका; प्लॅस्टिकची तर कधीच नाही.

“ही चिंताच आहे” हे घरच्या घरी ठरवायचं नसतं, त्याचं कारणही हेच. पहिल्यांदा त्रास झाला तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयानेही दम लागतो आणि तिथेही ऑक्सिमीटर ९९ दाखवतो, कारण तो आहे त्या हिमोग्लोबिनची टक्केवारी सांगतो, हिमोग्लोबिन किती आहे ते नाही. जिना चढताना वाढणारी धाप, छातीतून हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घरघर, एका पायाला सूज, ९४ च्या खाली गेलेला आकडा, यांपैकी काही असेल तर श्वास मोजत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

तपासण्या ठीक आल्या तर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. बोधात्मक वर्तन उपचारात तज्ज्ञ स्वतःच्या देखरेखीखाली रुग्णाला मुद्दाम मिनिटभर जोरात श्वास घ्यायला लावतात. त्याच मुंग्या, तीच गरगर त्याच्या डोळ्यांसमोर येते आणि जाते. पुढच्या वेळी ती आली की मरणाची चाहूल वाटत नाही. काही ठिकाणी नाकाशी नळी लावून सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर दाखवतात आणि रुग्ण तो आकडा श्वास लहान करून वर आणायला शिकतो. गरज पडली तर औषधंही असतात. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.