अंड्याचे कवच आणि कोंबडीचे हाड

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळी देण्याचा निर्णय घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये या अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबवला. दोन्ही वेळी आमच्या खानदेशात वाद झाला तो एकाच प्रश्नावर: अंडे शाकाहारी की मांसाहारी? वारकरी आणि महानुभाव परंपरा घराघरांत रुजलेल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात एक बाजू अंड्याला सरळ मांसाहारात जमा करते. दुसरी बाजू शाळेतल्या जीवशास्त्राचा आधार घेते आणि सांगते, की पोल्ट्रीतल्या कोंबड्यांमध्ये नर नसतो, त्यामुळे अंडे फलित होत नाही, त्यात जीव नसतो, आणि म्हणून ते खाण्यात हिंसा नाही. अंडे फलित नसते हे अगदी खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण अंड्यात जीव नसला तरी अंडे घालणारा जीव असतोच, आणि त्याच्या शरीरावर काय गुदरते याचा या वादात कोणी उल्लेखही करत नाही. ते समजून घ्यायचे तर अंड्याच्या कवचापासून सुरुवात करावी लागते.

साधारण ६० ग्रॅम वजनाच्या अंड्याचे कवच पाच-सहा ग्रॅमचे असते आणि त्यातला सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यात शुद्ध कॅल्शियम भरते जवळपास २ ग्रॅम. दीड किलोच्या कोंबडीच्या संपूर्ण सांगाड्यात मिळून कॅल्शियम असते २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका अंड्यामागे सांगाड्यातल्या कॅल्शियमच्या दहाव्या हिश्श्याइतके कॅल्शियम शरीराबाहेर जाते. आजच्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज असलेला लाल रानकोंबडा घेतला, तर त्याची मादी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी घालते. तिच्या शरीरातून वर्षभरात सहाशे ग्रॅमहून जास्त, म्हणजे तिच्या स्वतःच्या सांगाड्यात असते त्याच्या तीसपट कॅल्शियम कवचांच्या रूपाने निघून जाते.

हे कॅल्शियम खाद्यातूनच येते, आणि लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांच्या खाद्यात चुनखडी आणि शिंपल्यांचा चुरा भरपूर घातलेला असतो. तरीही अडचण उरते, ती वेळेची. बलक बीजांडकोशातून सुटल्यापासून पूर्ण अंडे बाहेर येईपर्यंत २४ ते २६ तास लागतात. त्यातल्या पहिल्या चार-पाच तासांत पांढरा भाग आणि कवचाखालची पातळ पापुद्र्यासारखी आवरणे तयार होतात, आणि उरलेले सुमारे वीस तास अंडे कवचग्रंथीत राहते. कवच चढण्याचा मुख्य काळ बहुतेक वेळा रात्री येतो, आणि कोंबडी रात्री खात नाही. कवचग्रंथी दर तासाला शंभर ते दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम रक्तातून ओढून घेत असते. कोंबडीच्या रक्तात एका वेळी असलेले सगळे कॅल्शियम या गतीने दहा-पंधरा मिनिटांत संपायला हवे, आणि रक्तातले कॅल्शियम संपले की स्नायू आखडून पक्षी मरायला हवा. तसे होत नाही, कारण पक्ष्यांच्या माद्यांकडे निसर्गाने दिलेली एक विलक्षण सोय आहे. सगळ्या शरीरशास्त्रात मला हिच्याइतके आश्चर्य दुसऱ्या कशाचे वाटत नाही.

कोंबडी वयात येऊ लागली, की अंडी सुरू होण्याच्या दोनेक आठवडे आधी तिच्या रक्तातले इस्ट्रोजेन वाढते. या संप्रेरकाच्या प्रभावाखाली हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, आपले नेहमीचे काम सोडतात. एरवी त्या हाडाच्या भिंतीत थरावर थर चढवून भार पेलणारे हाड घडवत असतात. आता त्या मांडीच्या आणि नळीच्या हाडांमधल्या पोकळीत, मज्जेच्या जागी, विस्कळीत काड्यांसारखे एक नवेच हाड घालू लागतात. त्याला मेड्युलरी बोन म्हणतात. या मज्जेतल्या हाडाला भार फारसा पेलता येत नाही. कॅल्शियम पटकन साठवणे आणि पटकन सोडणे हेच त्याचे काम. १९३४ साली किस आणि पॉटर या संशोधकांनी कबुतरांच्या माद्यांमध्ये त्याचे वर्णन केले. २००५ साली मेरी श्वाइट्झर यांना टायरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या मांडीच्या जीवाश्म हाडात तशीच ऊती आढळली, आणि त्यावरून ती मादी होती व मरताना अंडी घालण्याच्या काळात होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज असल्याने ही यंत्रणा किती जुनी असावी याची कल्पना येते.

रात्री आतड्यातले कॅल्शियम संपत आले, की रक्तातली पातळी किंचित घसरते, पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात, आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, मज्जेतल्या हाडावर बसून आम्ल सोडू लागतात. हाडातले खनिज हे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे असते. त्यातले कॅल्शियम रक्तावाटे कवचग्रंथीकडे जाते आणि कवचाला नको असलेले फॉस्फेट विष्ठेवाटे बाहेर टाकले जाते. कवचग्रंथीतला दुसरा कच्चा माल म्हणजे कार्बोनेट. तो कोंबडीच्या श्वसनातल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो: कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून बायकार्बोनेट बनवते, बायकार्बोनेट कॅल्शियमशी जुळून कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक होतात, आणि मागे उरलेले हायड्रोजन आयन रक्तात जाऊन रक्त किंचित आम्लधर्मी करतात. खानदेशातल्या पोल्ट्रीवाल्यांना उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होतात हा अनुभव दरवर्षी येतो, त्याची एक गुरुकिल्ली याच रसायनात आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसल्याने कोंबडी चोच उघडून धापा टाकत शरीर थंड ठेवते. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्तातले बायकार्बोनेट घटते, आणि कवचाला कॅल्शियम मिळाले तरी कार्बोनेट कमी पडते. शिवाय उष्म्याने खाणे कमी झालेले असते, त्यामुळे कॅल्शियमही कमीच मिळते.

ही व्यवस्था मुळात मोजक्या अंड्यांसाठी घडलेली आहे. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. त्या वेळी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, बीजांडकोश आक्रसतो, इस्ट्रोजेन उतरते, मज्जेतले हाड नाहीसे होते, आणि ऑस्टिओब्लास्ट पुन्हा भार पेलणारे हाड बांधायला लागतात. खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवून अंड्यावर आणण्याची रीत आपल्या खेड्यांत आहे. ज्या काळाला आपण आळस समजतो, तो तिच्या सांगाड्याच्या डागडुजीचा काळ असतो. अधिक अंड्यांसाठी गेले शतकभर निवडून पैदास करताना माणसाने खुडूक होण्याची प्रवृत्तीच लेअर कोंबड्यांमधून जवळपास काढून टाकली. या कोंबड्या वयाच्या अठराव्या-विसाव्या आठवड्याला अंड्यावर येतात आणि वर्षभर, बरेचदा त्याहूनही अधिक काळ, इस्ट्रोजेनची पातळी खाली येतच नाही. त्या सबंध काळात भार पेलणारे नवे हाड जवळजवळ बनत नाही, मात्र ऑस्टिओक्लास्ट दोन्ही हाडांत भेद करत नाहीत. समोर येईल ते विरघळवतात. कणगीतले धान्य भरत-उपसत असताना घराच्या भिंतीही थोड्याथोड्या पोखरल्या जाव्यात आणि लिंपायला कोणीच नसावे, तसा हा प्रकार आहे. अशी कोंबडी विकायला काढली जाते तेव्हा तिची हाडे ठिसूळ झालेली असतात.

त्यात पिंजऱ्याची भर पडते. हाड भार पडेल तसे घट्ट होते, हे शाळेत शिकलेले तत्त्व पक्ष्यांनाही लागू आहे. ए-४ कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर असते. बॅटरी पिंजऱ्यात, म्हणजे रांगेने मांडलेल्या तारेच्या अरुंद पिंजऱ्यांत, एका कोंबडीच्या वाट्याला साधारणपणे याहूनही कमी जागा येते. तिथे पंख पसरता येत नाहीत, उडी मारून दांडीवर बसता येत नाही, त्यामुळे हाडांवर भारच पडत नाही. ब्रिटनमध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रेगरी आणि विल्किन्स यांच्या अभ्यासात पिंजऱ्यातल्या कोंबड्या कत्तलखान्यात पोहोचेपर्यंत त्यांतल्या २९ टक्के कोंबड्यांचे किमान एक हाड मोडलेले आढळले. पाय धरून ओढणे आणि गाडीत कोंबणे एवढेच त्याला पुरले होते. आपल्या रस्त्यांवर मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण रोज पाहतो.

पक्ष्याला दुखते का, अशी शंका अजूनही घेतली जाते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचे उत्तर शोधण्यासाठी छातीच्या हाडाचा कणा मोडलेल्या आणि न मोडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या कोंबड्यांना एका ठिकाणी वेदनाशामक औषध आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते सलाइन टोचले. नंतर मोकळे सोडल्यावर हाड मोडलेल्या कोंबड्यांनी औषध मिळालेली जागा निवडली. धडधाकट कोंबड्यांनी अशी निवड केली नाही. ज्याला काही दुखतच नाही त्याला वेदना थांबलेली जागा आवडण्याचे कारण नाही. माझ्या मते नैतिक प्रश्न इथे सुरू होतो, आणि फलित-अफलित या वादाशी त्याचा काहीही संबंध नाही.

या विषयाभोवती जे इतर समज फिरतात त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. कोंबड्यांना रोज हार्मोनची इंजेक्शने देऊन अंडी घालायला लावतात, हे खरे नाही. अनेक पिढ्यांची निवडक पैदास, नेमके खाद्य आणि रोज सोळा तासांचा उजेड एवढ्यावर ते साधते. प्लास्टिकच्या अंड्यांची अफवा मोबाइलवर वारंवार येते, पण कवच, पापुद्रा, पांढरे आणि बलक यांची हुबेहूब नक्कल काही रुपयांत करणे कोणालाच परवडणारे नाही. कडकनाथचे मांस असाध्य रोग बरे करते या प्रचारापायी शेजारच्या झाबुआची ही सुंदर जात भलत्याच भावाने विकली गेली. तिचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा आहे आणि त्यात औषध काही नाही. आणि 'पिंजरामुक्त' या शब्दानेही पूर्ण समाधान मानू नये. डेन्मार्कमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मोकळ्या आणि सेंद्रिय पद्धतीच्या कोंबड्यांसह पाचपैकी चारांहून अधिक कोंबड्यांच्या छातीच्या हाडाला तडे होते. मोकळ्या कोंबडीची हाडे तुलनेने मजबूत असतात, तिला वागण्याचे स्वातंत्र्य असते, पण मज्जेतल्या हाडाचे गणित तिलाही सुटलेले नसते.

खानदेशाला हा प्रश्न परका नाही. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर पोल्ट्रीसाठी प्रसिद्ध आहे, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातल्या कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू तिथेच आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले आणि अनेक कुटुंबांचा धंदा बसला. त्याच जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके आहेत, जिथे कुपोषण हे रोजचे वास्तव आहे आणि अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी दिली जातात. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. त्या मुलाच्या ताटातले अंडे आणि दूध, डाळी, तूप यांनी भरलेल्या घरातल्या नाश्त्याचे तिसरे अंडे यांना मी एकाच मापाने मोजणार नाही. कोंबडीचे दुःख खरे आहे म्हणून मुलाचे ताट रिकामे करावे, असे म्हणणे मला अमान्य आहे. आणि मुलाची गरज खरी आहे म्हणून कोंबडीच्या हाडांचा प्रश्नच काढू नये, हेही तितकेच अमान्य आहे.

करण्यासारखे बरेच आहे. चुनखडीची भुकटी लवकर विरघळून जाते, पण दोन-चार मिलिमीटरचे जाड खडे संध्याकाळी खाल्ले, तर ते पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठराच्या भागात, रात्रभर राहून हळूहळू कॅल्शियम सोडतात आणि हाडावरचा उपसा कमी होतो. नवापूरच्या छोट्या शेडवाल्यालाही हे परवडते. हाडांच्या मजबुतीसाठी निवड करून पैदास केल्यास काही पिढ्यांतच हाडे सुधारतात, हे स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेतल्या प्रयोगांनी दाखवले आहे. युरोपीय संघाने जुन्या पद्धतीचे बॅटरी पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले, आणि आपल्या विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याचा आणि वाहतुकीचा विचार केला आहे.

सर्वांत अवघड भाग अंड्यांच्या संख्येचा आहे. कोंबडीने कमी अंडी घालावीत, मधून थांबावे, असे ठरवले तर तेवढ्याच अंड्यांसाठी जास्त कोंबड्या लागतील. आणि प्रत्येक जादा लेअर कोंबडीमागे हॅचरीत एक नर पिल्लू जन्मेल, जे अंडी घालत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही म्हणून पहिल्याच दिवशी मारले जाते. जर्मनीने २०२२ पासून ही प्रथा बंद केली, त्यासाठी अंड्यातच नर-मादी ओळखण्याचे तंत्र वापरले जाते, आणि ते महाग आहे. उलट एकाच कोंबडीला शंभर आठवड्यांपर्यंत अंड्यावर ठेवले तर नर पिल्ले कमी मरतील, पण तिच्या हाडांवरचा भार लांबेल. या दोहोंतून वाट काढायची तर एकूण अंड्यांची मागणीच घटवावी लागते, आणि ती घटवायची ज्यांच्याकडे दुसरे अन्न आहे त्यांनी. म्हणून माझ्या घरात अंडी कमी आणि डाळी अधिक असा बदल मी केला आहे, आणि शाळेतल्या अंड्यांसाठीचा निधी परत सुरू व्हावा, मात्र ती अंडी जाड चुनखडी आणि बसायला दांड्या देणाऱ्या शेडमधून घेतली जावीत, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे आपण करावी असे मी सुचवतो.