शस्त्रतपासणी, आंतरराष्ट्रीय

एखाद्या राजवटीकडची अण्वस्त्रे, रासायनिक किंवा जैविक अस्त्रे बाहेरच्या निरीक्षकांनी शोधायची, मोजायची आणि आपल्या देखत नष्ट करवून घ्यायची, अशी व्यवस्था. राजवटच लपवाछपवी करणारी असेल तर या मार्गाने ती निःशस्त्र होते का, यावर एकमत नाही.

मराठवाड्यात हा वाद निघाला की ‘पोलीस ॲक्शन’चा दाखला हटकून दिला जातो. निजामाशी बोलणी चालली तोवर रझाकार शिरजोर झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करणारा, त्यामुळे हा इतिहास इथे घरचाच आहे. भावना रास्त असली तरी दाखला लागू पडत नाही. नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर कन्हैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत होते, पण संस्थानातली शस्त्रागारे तपासणे त्यांच्या कामात नव्हते. सिडनी कॉटन हा वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रे आणत राहिला. तपासणी झालीच नाही. मग ती फसली तरी कशी म्हणायची?

खरी कसोटी लागली इराकमध्ये. सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८७ नुसार (एप्रिल १९९१) ‘अनस्कॉम’ हे संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पथक नेमले गेले. अल हकमचा कारखाना पशुखाद्याचा आहे, असे इराक सांगत होता. निरीक्षकांनी आयातीची कागदपत्रे धुंडाळली. १९८८ मध्ये जिवाणू वाढवण्याचे माध्यम सुमारे ३९ टन आले होते. रुग्णालयांना त्याचा अगदी थोडा भागही पुरला असता, आणि तब्बल १७ टनांचा हिशोब लागेना. जुलै १९९५ मध्ये इराकने जैविक अस्त्रांसाठी जंतू तयार केल्याची कबुली दिली. पुढच्याच महिन्यात सद्दामचा जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला आणि आणखी दस्तऐवज बाहेर आले. १९९६ मध्ये अल हकम स्फोटकांनी उडवण्यात आला. हे यश चिकाटीच्या हिशोबतपासणीचे. मागे आर्थिक निर्बंधांचा रेटा होता, हेही मान्य करायला हवे.

रेटा नसला की निरीक्षकांचे काही चालत नाही. उत्तर कोरियाने डिसेंबर २००२ मध्ये त्यांना घालवून दिले, २००६ मध्ये अणुचाचणी केली. सीरियाने २०१३ नंतर सुमारे १,३०० टन रासायनिक साठा सोपवला, तरी एप्रिल २०१७ मध्ये तिथल्याच खान शेखून गावात सरीन या विषारी वायूने माणसे मेलीच.

इराकमधले उरलेले काम काही महिन्यांचे आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेला सांगितले. तेवढी सवड द्यायला हवी होती. २० मार्चला युद्ध सुरू झाले. पुढे अमेरिकेच्याच शोधपथकाला शस्त्रसाठे सापडले नाहीत. अल हकम नष्ट झाल्यावर इराकने प्रगत जैविक अस्त्रांचा नाद सोडला होता, असे त्या पथकाच्या २००४ च्या अहवालात नमूद आहे.