इर्कुट्स्कची चर्चे आणि लाकडी वास्तू

रशियाच्या पूर्व सायबीरियातील इर्कुट्स्क शहरात १८ व्या शतकातील विटांची चर्चे व मुख्यत्वे १९ व्या शतकातील लाकडी घरे जवळजवळ उभी आहेत. शहरापासून ४७ किमी.वरील ताल्त्सी येथील खुले संग्रहालय धरून हा समूह मार्गदर्शकासह एका दिवसात पाहून होतो. अंगारा नदीच्या उजव्या काठी याकोव पोखाबोव्हने १६६१ मध्ये उभारलेल्या लाकडी कोटापासून शहराची सुरुवात धरतात. १६५२ च्या हिवाळी ठाण्यापासून वय मोजण्याची जुनी प्रथा आता मागे पडली आहे.

सर्वांत जुनी पक्की वास्तू म्हणजे स्पास्काया चर्च. त्याचे काम १७०६ मध्ये सुरू झाले. पूर्णतेचे साल १७१० ते १७१३ असे वेगवेगळे दिले जाते. घंटाघर शतकाच्या मध्यानंतरचे. बाहेरच्या भिंतींवरील चित्रे आणखी उशिराची, बहुधा १९ व्या शतकाच्या प्रारंभीची असून पूर्वेकडील एका चित्रात बुर्यातांचा (बैकल सरोवराभोवतीचे मंगोलवंशीय लोक) बाप्तिस्मा दाखविला आहे, असे सामान्यतः मानतात. शेजारच्या बोगोयाव्हलेन्स्की कॅथीड्रलची उभारणी १७१६ च्या आगीनंतर झाली (१७१८–४६); त्याच्या दर्शनी भागावरील झिलईदार रंगीत फरशा पाहण्यासारख्या आहेत. झ्नामेन्स्की मठाच्या आवारात व्यापारी ग्रिगोरी शेलिखोव्ह आणि डिसेंबरवादी (१८२५ मध्ये झारविरुद्ध उठाव करणाऱ्या) कैद्याची पत्नी येकातेरीना त्रुबेत्स्काया यांच्या कबरी आहेत.

सर्वाधिक मतभेद क्रेस्तोव्होझ्द्वीझेन्स्काया चर्चच्या (सु. १७४७–६०) अलंकरणाविषयी आहेत. भिंतींवर विटांतच काढलेली चक्रे, शंकरपाळी व शिखराकार खिडकीपट्ट्या यांनी जवळजवळ मोकळी जागा सोडलेली नाही. चक्रे धर्मचक्राची आणि खिडक्यांचे माथे स्तूपाचे रूप दाखवितात, म्हणजे बौद्ध बुर्यात कारागिरांचा हात येथे दिसतो, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार हा रशियन उत्तरेचा व उरलचा विटांचा वारसा असून त्यात युक्रेनी बरोकची (अलंकारप्रचुर वास्तुशैली) भर पडली. इर्कुट्स्कचे आरंभीचे बिशप इन्नोकेंती कुल्चीत्स्की व इन्नोकेंती नेरुनोविच हे दोघेही कीव्हला शिकलेले होते. बैकलच्या पश्चिमेकडील बुर्यात त्या काळी बहुतांशी शामानपंथी (आत्म्यांशी संपर्क साधणाऱ्या शामानांना मानणारे) होते. त्यामुळे थेट बौद्ध उगमाचा दावा जपूनच स्वीकारावा लागतो. लाकडी कोरीवकाम आणि भरतकामातले नमुने विटेत उतरले, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

लाकडी घरांत जमिनीलगतचे ओंडके कुजण्यास दाद न देणाऱ्या लार्चचे आणि वरचे पाइनचे, ही रूढ रीत. कोपऱ्याचे सांधे दोन प्रकारचे : ओंडक्यांची टोके बाहेर ठेवून वाटीसारखी खाच पाडणे, किंवा टोके भिंतीच्या पातळीत छाटून तिरपा सांधा करणे. पहिल्यात लाकूड जास्त लागते, पण कोपऱ्यातून थंडी कमी शिरते. ओंडक्यांमध्ये वाळलेले शेवाळ दाबून भरतात. ओले लाकूड आक्रसते व भिंत प्रतिमीटर काही सेंटिमीटर खाली बसते. म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडावी लागते, नाहीतर चौकट अडकते आणि काच तडकते. ‘एकही खिळा नाही’ हे वाक्य ओंडक्यांच्या भिंतीपुरतेच खरे. झडपा, फळ्या आणि नक्षी खिळ्यांनीच बसविलेली असतात. झडपांचा लोखंडी दांडा भिंतीतील भोकातून आत घेऊन खोलीतून अडकवतात.

खिडक्यांचे उंबरठे रस्त्याच्या पातळीला आलेली घरे दाखवून मार्गदर्शक गोठभूमीचे (कायम गोठलेली जमीन) कारण सांगतात. ईशान्य सायबीरियातील याकुट्स्कला ते लागू पडते. इर्कुट्स्क मात्र सलग गोठभूमीच्या पट्ट्यात नाही. येथे मुख्यतः रस्त्यांची पातळी भर पडून चढली आणि पक्क्या पायाविना असलेले तळचे ओंडके कुजून दबले. असे घर वाचविण्यासाठी ते जॅकवर उचलून तळचे थर बदलतात.

१८७९ च्या आगीत शहराचा मध्यभाग बव्हंशी जळाला आणि तेथे नव्या लाकडी बांधकामावर निर्बंध आले. त्यामुळे जुनी लाकडी घरे आग न पोहोचलेल्या भागांत शोधावी लागतात. डिसेंबरवादी व्होल्कोन्स्की यांचे घर मूळचे उरीक गावचे. ते सुटे करून शहरात आणले गेले. २०११ च्या सुमारास सजविलेल्या ‘१३० व्या क्वार्टल’ या वस्तीमध्ये हलविलेल्या व नव्याने बांधलेल्या घरांचा भरणा आहे, त्यावरून जुन्या बांधणीचा अंदाज बांधू नये.

ताल्त्सीची स्थापना १९६६ ची, प्रेक्षकांसाठी ते १९८० मध्ये खुले झाले. उस्त-इलीम्स्क जलाशयात बुडणाऱ्या इलीम्स्क कोटाचा स्पास्काया बुरूज (१६६७) आणि प्रवेशद्वारावरचे काझान चर्च (१६७९) येथे आणले आहेत. अशा स्थलांतरात प्रत्येक ओंडक्याला क्रमांक देतात, कारण खाचा त्या त्या जोडीलाच बसतात.

शहर सकाळी व ताल्त्सी दुपारी, हा उन्हाळ्यातला सोयीचा क्रम. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असल्याने ताल्त्सीला आधी जावे. आवार मोठे, चालणे बरेच आणि थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. चालू चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकावे, पुरुषांनी टोपी काढावी. छायाचित्रासाठी आधी विचारावे आणि प्रार्थना सुरू असताना गटाने बाहेर थांबावे.